आधी जागल, मग मोठी दुर्बीण

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी बीएस्सीला भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एका मॅडमनी विचारलं आहे: "गॅमा किरण खगोलशास्त्रात पुढच्या पंधरा-वीस वर्षांत कोणत्या कामाला आधी हात घालायचा हे कसं ठरवतात? तुमच्या हातात असतं तर तुम्ही काय ठरवलं असतं? माझ्या दोन विद्यार्थिनींना यात काहीतरी करायचं आहे. कॉलेजात दुर्बीण नाही, प्रयोगशाळेत एक जुना गायगर काउंटर तेवढा आहे. त्यांनी कुठून सुरुवात करावी?"

मॅडम, तिन्ही प्रश्नांच्या मुळाशी मला एकच संध्याकाळ दिसते, म्हणून तिथूनच सांगतो.

९ ऑक्टोबर २०२२. कोजागिरी होती. संध्याकाळचे पावणेसात वाजले होते, चंद्र पूर्वेला हातभर वर आला होता, घरोघरी दूध आटवायची तयारी चालली होती. नेमक्या त्या वेळी, सुमारे १९० कोटी वर्षांपूर्वी निघालेला गॅमा किरणांचा, म्हणजे सगळ्यात जास्त ऊर्जेच्या प्रकाशाचा, लोंढा पृथ्वीवर येऊन थडकला. त्याचं नाव जीआरबी २२१००९ए. आजवर नोंदल्या गेलेल्या गॅमा किरण स्फोटांत हा सगळ्यात प्रखर. दिशा शर तारकासमूहाची. मी नंतर नाक्षत्र वेळ काढून हिशेब केला, तर ती दिशा त्या क्षणी यवतमाळच्या माथ्यापासून जेमतेम सात अंशांवर होती. म्हणजे तो लोंढा जवळजवळ सरळ आपल्या डोक्यावर आला. हवेने तो वरच अडवला, म्हणून खाली कुणाला काही जाणवलं नाही. पण वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर हलला, आणि त्या थरावर आदळून परतणाऱ्या रेडिओ लहरींमध्ये तो धक्का नोंदला गेला.

हा स्फोट कुणाला दिसला आणि कुणाला नाही, ते पाहा. फर्मी उपग्रहावरच्या स्फोट-शोधक यंत्राला दिसला. इतका प्रखर की त्याची मोजणी काही काळ तुंबली. चीनच्या सिच्वान प्रांतात ४,४१० मीटर उंचीवर असलेल्या ल्हासो वेधशाळेला दिसला. पहिल्या ३,००० सेकंदांत तिने ६४,००० हून जास्त उच्च ऊर्जेचे फोटॉन, म्हणजे प्रकाशकण, टिपले. कारण ती दिवस असो, रात्र असो, चांदणं असो, माथ्यावरचं सगळं आकाश पाहत असते. गॅमा किरण हवेत आदळल्यावर होणारा मंद लखलखाट टिपणाऱ्या ज्या मोठ्या आरशांच्या चेरेनकोव दुर्बिणींवर जगाने सगळ्यात जास्त मेहनत घेतली आहे, त्यांना मात्र ते पहिले तास मिळाले नाहीत. पौर्णिमेच्या उजेडात त्यांचे प्रकाशगुणक, म्हणजे मंद प्रकाश टिपणारे नाजूक सेन्सर, उघडता येत नाहीत.

माझं लहानपण वावरात गेलं. तूर भरायला लागली की वडील रोज रात्री जागलीला जायचे आणि मी मचाणावर त्यांच्या कुशीत झोपायचो. रानडुकरं कोणत्या धुऱ्याने येतील, रोही कधी शिरतील, हे आधी कळत नाही. एकाच कोपऱ्यावर बॅटरी रोखून बसलेल्याचं वावर दुसऱ्या कोपऱ्याकडून साफ होतं. आधी चहूकडे कान लागतो, आवाज आला की मग बॅटरी. गॅमा किरणांच्या आकाशाचंही तसंच आहे. सरासरी रोज एखादा स्फोट होतो, काही सेकंद टिकतो, आणि कोणत्या दिशेने येईल ते सांगता येत नाही.

तेव्हा माझ्या हातात असतं तर पहिला मान मी नव्या मोठ्या दुर्बिणीला दिला नसता. सगळ्या आकाशावरची ही जागल एक दिवसही मोडू नये, याला दिला असता.

ही जागल किती जुनी आणि आज किती थकलेली आहे, ते थोडं सांगतो. पहिला स्फोट अमेरिकेच्या वेला उपग्रहांनी २ जुलै १९६७ रोजी टिपला. ते उपग्रह अणुचाचण्यांवर नजर ठेवायला सोडले होते. निष्कर्ष जाहीर झाला तो १९७३ साली. १९९१ ते २००० या काळात नासाच्या कॉम्प्टन या अवकाशातल्या वेधशाळेने २,७०४ स्फोट नोंदले. त्यानंतर भिस्त राहिली ती २००४ च्या स्विफ्ट उपग्रहावर आणि २००८ च्या फर्मीवर. दोघांचं ठरलेलं आयुष्य कधीच संपलं आहे. गेल्या काही वर्षांत स्विफ्टची कक्षा घसरत आली आहे. २००२ मध्ये गेलेल्या युरोपच्या इंटिग्रल वेधशाळेचं निरीक्षण फेब्रुवारी २०२५ मध्ये थांबलं. २०२४ साली चीन आणि फ्रान्सने मिळून सोडलेला एसव्हीओएम हा उपग्रह खरा दिलासा आहे, पण एका मचाणावर सगळ्या शिवाराची राखण होत नाही.

आणि आता आपल्या शेजारची गोष्ट. १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळले, त्यांच्या गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाशाच्या ताणातले तरंग, अमेरिकेतल्या लायगो शोधकांनी पकडल्या आणि १.७ सेकंदांनी फर्मीने त्याच घटनेचे गॅमा किरण टिपले. सोनं, प्लॅटिनमसारखी जड मूलद्रव्यं कुठे घडतात, या प्रश्नाला त्या दिवसाने मोठं वळण दिलं. आता लायगो-इंडिया उभी राहायची आहे ती हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ. केंद्राने २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपये मंजूर केले. वाशिम आणि यवतमाळच्या सीमेला लागूनच तो जिल्हा आहे. तिथला शोधक सुरू झाला की लहर नेमकी आकाशाच्या कोणत्या भागातून आली हे आजच्यापेक्षा खूप चांगलं कळेल. पण त्या वर्षी वर गॅमा किरणांची जागल करणारं कुणी नसेल तर? औंढ्याला लहर कळेल आणि तिच्या मागोमाग आलेला प्रकाश कुणीच पाहिलेला नसेल. मला सगळ्यात जास्त काळजी याची वाटते.

म्हणूनच दक्ष या भारतीय प्रस्तावाची मी मनापासून बाजू घेतो. पृथ्वीच्या दोन विरुद्ध बाजूंना दोन उपग्रह, म्हणजे आकाशाचा कोणताही तुकडा कधीच पृथ्वीआड जाणार नाही. आपल्याला हे काम नवं नाही. २०१५ च्या अॅस्ट्रोसॅटवरच्या सीझेडटीआय या यंत्राने ५०० हून जास्त स्फोट टिपले आहेत आणि क्रॅब तेजोमेघाच्या उच्च ऊर्जेच्या क्ष-किरणांचं ध्रुवीकरण मोजून दाखवलं आहे. हात बसलेली माणसं आपल्याकडे आहेत.

प्राधान्य कसं ठरवतात, हा तुमचा पहिला प्रश्न. अमेरिकेत दर दहा वर्षांनी शास्त्रज्ञांची मोठी समिती बसते. तिच्या २०२१ च्या अहवालाने क्षणभंगुर घटना आणि बहुसंदेशी निरीक्षण (एकाच घटनेचे प्रकाश, गुरुत्वीय लहरी असे अनेक निरोप मिळून पाहणं) यांना अवकाश मोहिमांत वरचं स्थान दिलं. आपल्याकडेही २०३५ पर्यंतच्या महाविज्ञान प्रकल्पांचं दृष्टिपत्र तयार झालं आहे. अशा बैठकांचा मला जो अनुभव आहे त्यावरून सांगतो, चर्चा फार लवकर यंत्राच्या आकारावर येते. आरसा किती मीटरचा, सेन्सर किती. मी तिथे एक साधा कागद पुढे करत असे. मागच्या वर्षीच्या भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान उलटं करायचं, आडवी वर्षं लिहायची आणि प्रत्येक यंत्रासाठी पेन्सिलने एक रेघ ओढायची: कधी सुरू झालं, कधी थांबेल. गुरुत्वीय लहरींची रेघ लाल, न्यूट्रिनोंची (कशातूनही आरपार जाणाऱ्या हलक्या कणांची) हिरवी, गॅमा किरणांची निळी. रेघा ओढून झाल्या की कागद लांब धरायचा. जिथे लाल आणि हिरव्या रेघा दाट होतात तिथेच निळ्या तुटलेल्या दिसतात. तुमच्या विद्यार्थिनींना हा कागद जरूर करायला लावा. एका तासाचं काम आहे, आणि कुठल्याही अहवालापेक्षा लवकर समजतं.

त्या कागदावर आणखी एक मोकळी पट्टी दिसेल: १ ते ३० एमईव्ही (एक एमईव्ही म्हणजे दहा लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट, हजार केईव्ही). कॉम्प्टन वेधशाळा २००० साली समुद्रात उतरवली, कारण तिचा एक गायरोस्कोप बिघडला होता. तिच्यावर या पट्ट्यात पाहणारं कॉम्टेल हे यंत्र होतं. त्याच्या तोडीचं दुसरं अजून वर गेलेलं नाही. ही पट्टी निसर्गतः अवघड आहे. इथला फोटॉन शोधकात मुकाट थांबत नाही. एका ठिकाणी इलेक्ट्रॉनला धडकतो, थोडी ऊर्जा तिथे टाकतो, दिशा बदलतो आणि पुढे दुसरीकडे जातो. दोन धडकांवरून मूळ दिशा काढावी लागते, तीही एका वर्तुळावर कुठेतरी एवढीच कळते. शिवाय विश्वकिरणांच्या, म्हणजे अवकाशातून येणाऱ्या वेगवान कणांच्या, माऱ्याने उपग्रहाचं धातूचं अंगच किरणोत्सारी होतं आणि यंत्राला स्वतःचाच गोंगाट ऐकू येतो.

पण माझ्या मते दुसरं प्राधान्य इथेच आहे, कारण मूलद्रव्यांच्या खुणा याच पट्ट्यात आहेत. अॅल्युमिनियम-२६ ची रेषा १,८०९ केईव्हीवर आहे. त्याचं अर्धायुष्य सात लाख वर्षांच्या आसपास, म्हणजे ती रेषा जिथे दिसते तिथे विश्वाच्या हिशेबाने नुकतीच मूलद्रव्यं घडली आहेत. टायटॅनियम-४४ ची १,१५७ वर आहे, अर्धायुष्य साधारण ६० वर्षं. ती कुठे दिसली तर तिथला तारा गेल्या काही शतकांतच फुटला. आपल्या हाडातलं कॅल्शियम बव्हंशी अशाच ताऱ्यांतून आलं आहे, हे मुलींना सांगा, वर्ग शांत होतो. नासाची कोसी ही छोटी मोहीम ०.२ ते ५ एमईव्हीमध्ये पाहणार आहे आणि २०२७ मध्ये तिचं उड्डाण ठरलेलं आहे. ती सुरुवात आहे. ती यशस्वी होईल तेव्हा तिच्यामागून जाणाऱ्या मोठ्या यंत्राचा आराखडा हातात तयार हवा.

आता जमिनीवरच्या दुर्बिणी. विदर्भाच्या माणसाला हा विषय परका नाही, फक्त ते त्याला कुणी सांगितलेलं नाही. महाशिवरात्रीला आपली माणसं खांद्यावर त्रिशूळ घेऊन पचमढीला, चौरागडावर जातात. त्याच पचमढीला टाटा मूलभूत संशोधन संस्थेची २५ चेरेनकोव दुर्बिणींची मांडणी होती, प्रत्येकीत सात आरसे. महाशिवरात्र म्हणजे कृष्ण चतुर्दशी. म्हणजे आमच्या कामाच्या नेमक्या रात्री. मी तिथे काही हंगाम काढले. उत्तररात्री थंडी वाढली की आरशांवर दव धरायचं, मोजणीचा वेग हळूहळू खाली यायचा, आणि आम्ही बॅटरी खाली रोखून, पडद्याआडून जाऊन एकेक आरसा पाहायचो. दूरवर डोंगराच्या वाटेने यात्रेकरूंच्या दिव्यांची ओळ चढत असायची आणि "हर बोला हर हर महादेव" वाऱ्यावर तुटक तुटक ऐकू यायचं.

त्या आरशांना दिसायचं काय? गॅमा किरण हवेच्या वरच्या थरात आदळला की कणांचा सडा पडतो आणि त्यातून निळसर प्रकाशाचा एक लखलखाट होतो. तो काही नॅनोसेकंद टिकतो आणि जमिनीवर सुमारे अडीचशे मीटर व्यासाच्या वर्तुळात पसरतो. त्या वर्तुळात कुठेही आरसा असला तरी किरण सापडतो. फर्मीच्या मुख्य दुर्बिणीचं परिणामकारक क्षेत्रफळ एक चौरस मीटरच्या आसपास आहे. इथे हवाच शोधक झाल्यामुळे ते हजारो पटींनी वाढतं. अतिउच्च ऊर्जेचे किरण फार विरळ असतात, म्हणून त्यांना जमिनीवरूनच गाठावं लागतं.

पचमढीची विद्या पुढे लडाखच्या हानलेला गेली. तिथे हगार ही दुर्बिणींची मांडणी उभी राहिली आणि भाभा अणुसंशोधन केंद्राची मेस ही २१ मीटरची दुर्बीण ऑक्टोबर २०२४ मध्ये राष्ट्राला अर्पण झाली. ४,३०० मीटरच्या आसपास उंची, कोरडी हवा, काळंभोर आकाश. माझं स्पष्ट मत असं की, भारताने जमिनीवर पुढचा रुपया खर्चायचा तर नवी जागा न शोधता मेसच्या शेजारी दुसरी तशीच दुर्बीण उभी करण्यावर खर्चावा. एका डोळ्याला कणांचा सडा सपाट दिसतो. दोन बाजूंनी पाहिलं की दोन्ही प्रतिमांचे अक्ष एकमेकांना छेदतात आणि दिशा पक्की होते, गॅमा किरण कोणता आणि नुसता प्रोटॉन कोणता हेही जास्त खात्रीने वेगळं काढता येतं. स्पेनच्या ला पाल्मा बेटावरच्या मॅजिक या चेरेनकोव दुर्बिणीने हेच केलं. २००९ मध्ये दुसरी १७ मीटरची दुर्बीण जोडली आणि तिची नजर पालटली. त्याच बेटावर आणि चिलीत आता सीटीएओ या आंतरराष्ट्रीय वेधशाळेच्या साठाहून जास्त दुर्बिणींची आखणी आहे. त्यांच्याशी आकारात स्पर्धा करून आपल्याला काही मिळणार नाही. पण रेखांशात ला पाल्मा आणि हानले यांच्यात जवळपास शंभर अंशांचं अंतर आहे. त्यांच्याकडे रात्र व्हायची असते तेव्हा आपल्याकडे पडलेली असते. भडकलेल्या ब्लेझारचे (ज्याचा झोत थेट आपल्याकडे रोखलेला आहे अशा दीर्घिकेच्या केंद्राचे) ते मधले तास हानलेचेच.

पीईव्ही, म्हणजे एमईव्हीच्या शंभर कोटी पट ऊर्जेचा प्रश्न थोडक्यात. ल्हासोने २०२१ मध्ये १.४ पीईव्हीचा फोटॉन जाहीर केला, हंस तारकासमूहाच्या दिशेचा. विश्वकिरणांचे उगम सापडल्यासारखं वाटतं, पण गॅमा किरण प्रोटॉनमुळे आला की इलेक्ट्रॉनमुळे हे एकट्या गॅमा किरणांवरून क्वचितच सुटतं. न्यूट्रिनोंची साक्ष लागते. दक्षिण गोलार्धात आकाशगंगेच्या केंद्रावर अशी जागल नाही, म्हणून चिलीत ४,७७० मीटरवर योजलेली एसडब्ल्यूजीओ ही वेधशाळा मला महत्त्वाची वाटते. कृष्णद्रव्याचा, म्हणजे न दिसणाऱ्या पण गुरुत्वाकर्षणाने जाणवणाऱ्या द्रव्याचा, शोध मी यादीत खाली ठेवतो. तो प्रश्न लहान नाही. पण आकाशगंगेच्या केंद्राकडून येणारा जादा उजेड कृष्णद्रव्याचा की मिलिसेकंद पल्सारांचा (सेकंदाच्या हजाराव्या हिश्शात गिरकी घेणाऱ्या न्यूट्रॉन ताऱ्यांचा) हा वाद आहे त्याच विदेने, म्हणजे डेटाने, अजून दहा वर्षं चालू शकतो, आणि पल्सार मोजले गेले की तो आपसूक पुढे सरकेल.

आणि पल्सार मोजायला तुमच्या विद्यार्थिनी लागतील. फर्मीच्या यादीत ७,००० हून जास्त स्रोत आहेत. त्यांतले जवळपास एक तृतीयांश कशाचे आहेत हे कुणालाच माहीत नाही. त्यांची विदा सगळ्यांना खुली आहे, फुकट आहे, विश्लेषणाची साधनंही. एक बऱ्यापैकी लॅपटॉप, लिनक्स आणि पायथॉन एवढं पुरतं. गावात नेट मंद असेल तर रात्री फाइल लावून ठेवा; एका स्रोताभोवतीचा दहा अंशांचा तुकडा पहाटेपर्यंत उतरतो. सुरुवात वेला पल्सारपासून करा, तो चुकूनही हरवत नाही. मग २०१० च्या नोव्हेंबरमध्ये भडकलेला ३सी ४५४.३ हा ब्लेझार घ्या आणि त्याच्या तेजाचा आलेख काढा. अनोळखी स्रोताला हात लावायचा तो त्यानंतर.

एक चूक सगळे करतात, ती आधीच सांगतो. १०० एमईव्हीच्या फोटॉनची दिशा पाच अंशांपर्यंत चुकू शकते. पाच अंश म्हणजे शेजारी शेजारी ठेवलेले दहा पूर्ण चंद्र. १० जीईव्हीला (म्हणजे १०,००० एमईव्हीला) तीच चूक अंशाच्या दहाव्या भागाच्या आसपास येते. त्यामुळे कमी ऊर्जेच्या नकाशावर दिसणारा ठिपका म्हणजे एक स्रोत असं समजू नका, तो शेजारच्या तिघांचा मिळून झालेला असू शकतो. वरच्या ऊर्जेने जागा पक्की करा, खालच्या ऊर्जेने वर्णपट. मग त्या जागी रेडिओत काय आहे ते पाहा. नारायणगावजवळच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीने फर्मीच्या अशाच अनोळखी स्रोतांवर रोखून मिलिसेकंद पल्सार शोधून काढले आहेत.

राहिला तुमचा गायगर काउंटर. त्याला कपाटातून बाहेर काढा.

जूनमध्ये आपल्याकडे ज्या विजा पडतात, ज्यांनी दरवर्षी वावरातली माणसं जातात, त्या ढगांतूनही गॅमा किरण निघतात. कॉम्प्टन वेधशाळेने पृथ्वीवरून वर जाणारे असे लखलखाट पाहिल्याचं १९९४ मध्ये जाहीर झालं. उटीच्या ग्रेप्स-३ या विश्वकिरणांच्या प्रयोगाने १ डिसेंबर २०१४ च्या एका ढगात १.३ अब्ज व्होल्टचा विभव असल्याचं म्युऑनवरून (विश्वकिरणांमुळे हवेत तयार होणाऱ्या कणांवरून) काढलं. जपानच्या किनाऱ्यावर हिवाळी ढग इतके खाली येतात की जमिनीवर ठेवलेल्या शोधकांना हे किरण सापडतात. विदर्भात ते सापडणं अवघड आहे, हे आधीच सांगतो, म्हणजे मुलींचा हिरमोड होणार नाही. १ एमईव्हीचा किरण जमिनीलगतच्या हवेत सरासरी सव्वाशे-दीडशे मीटर जातो, आणि आपले उन्हाळी ढग त्याहून खूप वर असतात.

तरीही पाऊस आला की तुमचा आकडा वाढेल, आणि इथेच खरं काम आहे. ती वाढ विजेची नाही. मातीतून निघालेला रेडॉन हवेत मिसळतो, त्याच्यापासून झालेलं शिसं-२१४ आणि बिस्मथ-२१४ धुळीच्या कणांना चिकटतं आणि पाऊस ते खाली धुऊन आणतो. एकाचं अर्धायुष्य २७ मिनिटं, दुसऱ्याचं २०. हे मला पहिल्यांदा कळलं नव्हतं. एका मुक्कामी वळवाच्या सरीनंतर मोजणी चढली तेव्हा अख्खी रात्र मी स्रोत सापडल्याच्या आनंदात जागून काढली आणि सकाळी वरिष्ठांनी पावसाची वेळ आलेखावर मांडायला सांगितली.

मुलींनी असं करावं. आतापासून रोज एकाच जागी, एकाच वेळी, दहा मिनिटांची मोजणी वहीत लिहावी, सोबत तापमान आणि आकाश कसं आहे ते. मृग लागेपर्यंत पार्श्वभूमीचा आकडा तोंडपाठ झाला पाहिजे. पहिली चांगली सर आली की स्वच्छ टिनावरचं पाणी एका टिपकागदाने पुसून घ्यावं, कागदाची घडी नळीच्या खिडकीला लावावी आणि दर पाच मिनिटांनी मोजावं. विजा चमकत असतील तर थांबावं, सर ओसरल्यावर लगेच टिपलं तरी चालतं. साधारण अर्ध्या तासाने जादा मोजणी निम्म्यावर आलेली दिसेल. तो आलेख आणि कॅलेंडरमागच्या रेघांचा कागद, दोन्हींचे फोटो मला पाठवा.